कॉफी प्यायला एवढ्या लांब?

लग्नाच्या बायोडाटामध्ये ‘छंद’ म्हणून एक रकाना असतो. मुलाच्या कागदावर तिथे क्रिकेट, ट्रेकिंग, प्रवास असं काहीबाही असतं. मुलीच्या कागदावर वाचन, विणकाम, रांगोळी आणि हमखास ‘नवनवीन पदार्थ करून बघणे’. म्हणजे बघा, मुलीचा छंदसुद्धा घरात बसून करायचा आणि शक्यतो घरच्यांच्या पोटात जाणारा! माझ्या कागदावर भरतकाम होतं. ते वडिलांनीच लिहिलं होतं. मला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा.

आज मला कुणी छंद विचारला तर मी खरं ते सांगते. इंडियन कॉफी हाऊसच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये जाऊन बसणं हा माझा छंद. आजवर अकरा झाल्या. एक कप कॉफी, जमलं तर एक कटलेट, अर्धा-पाऊण तास निवांत बसायचं आणि वहीत चार ओळी लिहायच्या. बस्स. यातून मला काही मिळत नाही, कुणाचं भलं होत नाही, संसाराला हातभारही लागत नाही. ऐकणारीच्या चेहऱ्यावर पहिला प्रश्न उमटतो, ‘कॉफी प्यायला एवढ्या लांब?’ दुसरा प्रश्न ती विचारत नाही, पण तो मला दिसतो. ‘घरचे काही म्हणत नाहीत?’ आज मला बोलायचंय ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

पण आधी तासगावच्या बाईचा आणि या कॉफी हाऊसचा संबंध कसा आला ते सांगायला हवं. आमच्याकडे ‘गलाई’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी ही माणसं विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून पोटासाठी बाहेर पडली आणि देशभर पांगली. केरळ, तमिळनाडू, बंगाल, दिल्ली... जिथे सराफ पेठ तिथे आपला गलाईवाला. प्रत्येक भावकीतलं कुणी ना कुणी बाहेर. दिवाळीला, जत्रेला, लग्नाला ही माणसं गावी येतात, आणि मग आपणही कधीतरी बारशाला, वास्तुशांतीला त्यांच्याकडे जातो. आमच्या थोरल्या वन्सं केरळात त्रिचूरला असतात. त्रिचूर म्हणजे सोन्याची मोठी पेठ.

वन्संना तिथे जाऊन वीस वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. खाली दुकान, वर दोन खोल्या. मल्याळम फाडफाड बोलतात. बाजार माहीत, देऊळ माहीत, दवाखाना माहीत, पोरांची शाळा माहीत. गावाच्या मध्यभागी वडक्कुनाथनाचं देऊळ आणि त्याच्याभोवती ते मोठं थोरलं मैदान आहे. तिथून येता-जाता मी कॉफी हाऊसची पाटी बघितली आणि विचारलं, “वन्सं, इथली कॉफी कशी असती?” तर म्हणाल्या, “काय माहीत बाई. भाऊजी जातात, आपले गिऱ्हाईक जातात. आपण कशाला जातोय?” वीस वर्षं रोज पाटी बघितलेली, आत पाय नाही. कुणी अडवलं होतं का? मुळीच नाही. केरळातल्या बायका आत खुशाल बसलेल्या बाहेरून दिसत होत्या. पण वन्संना तिथे जायला कारण नव्हतं. भाजी आणायची नव्हती, देवदर्शन करायचं नव्हतं. कारण नसताना बाई आत जाऊन बसते कशी?

आम्ही गेलो. डोक्याला पांढराशुभ्र, पंख्यासारख्या तुऱ्याचा फेटा आणि कमरेला रुंद पट्टा बांधलेला वाढपी आला. कोल्हापुरी फेटेवाल्यांनी बघावा असा थाट. डोसा मागवला तर आतल्या भाजीत चक्क बीट! लालभडक. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, ह्यो डोसा हाय का डाळिंब?” आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या टेबलावरच्या आजीही हसायला लागल्या. वहीतली पहिली नोंद तिथली.

नंतर त्या कॉफी हाऊसची हकिगत कळली आणि मी जास्तच गुंतले. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं कॉफी हाऊस निघालं. कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी बोर्डाने पुढे ठिकठिकाणी ती चालवली. स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकाच्या मध्यावर, बोर्डाने ती बंद करायचं ठरवलं आणि कामगार रस्त्यावर आले. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्या वाढप्यांना, आचाऱ्यांना सांगितलं, तुम्हीच चालवा. सोसायटी काढा. १९५७च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला पहिली कामगार सहकारी सोसायटी झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पहिलं ‘इंडियन कॉफी हाऊस’ उघडलं. त्यानंतरच्या काळात पुणे, मुंबई, नागपूरलाही शाखा निघाल्या होत्या. त्रिचूरची शाखा ८ मार्च १९५८ची. तारीख बघा! महिला दिनाचा आणि तिचा काही संबंध नसावा, पण मला आपलं बरं वाटलं. आज देशभरात चारशेच्या आसपास शाखा आहेत आणि त्या वेगवेगळ्या राज्यांतल्या सोसायट्या चालवतात. मालक कोण? तर जो कॉफी आणून देतो तोच. आपल्या सांगली जिल्ह्यात सहकार म्हणजे साखर कारखाना, दूध संघ, बँक. त्यात पोरगा कामाला लागतो आणि साहेब खुर्चीत बसतो. इथे मात्र फेटेवालाच सभासद. म्हणूनच की काय, एका कपावर तासभर बसलं तरी कुणी ‘अजून काही?’ असं डोळे वटारून विचारत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. पुढे सांगते का ते.

तिरुवनंतपुरमचं कॉफी हाऊस बघायला मुद्दाम जावं असं आहे. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन, दोन्हीच्या जवळ. लॉरी बेकर नावाचे इंग्रज वास्तुविशारद केरळात येऊन कायमचे राहिले, त्यांनी ते बांधलं. विटांचा लाल गोल मनोरा, आत जिना नाहीच. घाटातल्या रस्त्यासारखा चढ गोल गोल वर जातो आणि त्या चढावरच कडेने बसायच्या जागा. तुम्ही खालून वर चढत जायचं, रिकामं टेबल दिसलं की बसायचं. भिंतीला छोटी छोटी चौकोनी भोकं, त्यातून वारा आणि उजेड. आमच्या सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, तरी त्या दोन वेढे चढल्या. म्हणाल्या, “जोतिबाच्या पायऱ्यांपेक्षा बरंय की.” कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटचं आहे ते जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये, प्रचंड उंच छत, वर सज्जा, आणि गोंगाट असा की आपल्या बेदाण्याच्या सौद्यातसुद्धा नसेल. तिथे बिनदुधाच्या कॉफीला ‘इन्फ्युजन’ म्हणतात. पोरंपोरी वाद घालत तासन्‌तास बसलेली. दिल्लीला कॅनॉट प्लेसमधलं जुनं कॉफी हाऊस १९७६ साली आणीबाणीत पाडलं गेलं, मग ते मोहनसिंग प्लेसच्या वरच्या मजल्यावर गेलं. का पाडलं? माणसं तिथे बसून फार बोलतात म्हणून, असं तिथले जुने लोक सांगतात. बंगळूरच्या शाखेनेही २००९ साली एम. जी. रोडवरची जागा सोडून चर्च स्ट्रीट गाठली. बाकीच्या शाखांचं वर्णन करत बसत नाही. काही अगदी साध्या, काही कळकटही.

आता तुम्ही म्हणाल, हा कसला छंद! एकच कॉफी, एकच पाटी, गाव तेवढं वेगळं. पण मैत्रिणींनो, आपल्याला हे नवीन आहे का? अष्टविनायक पुरे झाले का, असं आपण एकमेकींना विचारतो की नाही? पाच झाले, तीन राहिलेत, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढवल्या नाहीत म्हणून हळहळतो. साडेतीन शक्तिपीठं, बारा ज्योतिर्लिंगं, एकेक करून पुरी करायची आपली जुनी हौस. पोरं गडकिल्ले मोजतात. मोजत मोजत फिरण्यात एक गोडी असतेच. फरक एवढाच की देवाच्या नावाने बाहेर पडलं तर सगळं घर डबा बांधून देतं. कॉफीच्या नावाने बाहेर पडलं तर घर गप्प होतं. देवाला जायला माझा विरोध नाही, मी स्वतः जाते. पण सगळ्या यात्रेत बायकांना सर्वांत जास्त मजा कुठे येते, ते खरं सांगा. गाडीत गाणी म्हणताना आणि वाटेत ढाब्यावर उतरून चहा पिताना! दर्शन पाच मिनिटांत उरकतं.

माझ्यासारखी वेडी माणसं जगात आणखी आहेत हे मला अलीकडे कळलं. इंग्लंडमध्ये ‘वेदरस्पून’ नावाची पबची साखळी आहे. १९७९ साली टिम मार्टिन नावाच्या गृहस्थाने लंडनमध्ये सुरू केली आणि आज तिथे आठशेच्या आसपास शाखा आहेत. शाळेत वर्ग आवरता न येणाऱ्या एका मास्तरांच्या आडनावावरून त्याने नाव ठेवलं म्हणे. ही मंडळी जुनी थिएटरं, बँका, पोस्ट ऑफिसं, अगदी जुनी नाट्यगृहं घेतात आणि त्यांत पब थाटतात. मूळ इमारतीचं रूप शक्यतो ठेवतात. प्रत्येक शाखेतला गालिचा वेगळ्या नक्षीचा, त्या गावाच्या इतिहासाशी जुळेल असा. या गालिच्यांवर एकाने पुस्तकसुद्धा लिहिलंय. आणि तिथे काही लोकांचा छंदच आहे, सगळ्या शाखा पालथ्या घालायच्या. स्कॉटलंडमधल्या एका वयस्क बाईंनी वीसेक वर्षांत नऊशेहून जास्त शाखा बघितल्याचं तिथल्या वर्तमानपत्रांत आलं होतं. (मधल्या काळात काही शाखा बंद होतात, नव्या निघतात, म्हणून आकडा आठशेच्या वर जातो.) नऊशे! माझ्या अकरांची मला लाजच वाटली.

पब म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील. माझ्याही गेल्या. मी आणि माझ्या सोबतिणी गावोगावी दारूबंदीच्या मतदानासाठी राबलेल्या बायका. उभी बाटली, आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद, या नियमाच्या जोरावर आम्ही रात्र रात्र घरं पालथी घातलीत. दारूने उठलेले संसार आम्ही जवळून बघितलेत, त्यामुळे दारूचं गोडवं गाणं माझ्याच्याने होणार नाही. शिवाय आपल्याकडे पब म्हटलं की काय आठवतं? २००९ साली मंगळूरला पबमध्ये शिरून मुलींना झालेली मारहाण, आणि २०२४च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला मोटारीखाली गेलेले दोन तरुण इंजिनिअर. पण तिथला हा पब सकाळीच उघडतो. लोक नाश्ता करतात, कॉफी पितात, आणि कॉफीचा कप एकदा घेतला की पुन्हा पुन्हा भरून घेता येतो. म्हाताऱ्या बाया पेपर वाचत एकट्या बसतात. ‘पब’ हा मुळात ‘पब्लिक हाऊस’चा थोडक्यातला शब्द. सार्वजनिक घर. दारूचं बाजूला ठेवा, हे ‘सार्वजनिक घर’ मला फार आवडलं. आपल्याला घर आहे, देऊळ आहे, बाजार आहे. सार्वजनिक घर नाही.

तिथल्या बायकांनाही ते फुकट मिळालेलं नाही बरं का. लंडनमध्ये वर्तमानपत्रांच्या नि कोर्टाच्या पेठेत, फ्लीट स्ट्रीटवर, ‘एल व्हिनो’ नावाचं एक नावाजलेलं मद्यगृह होतं. तिथे पुरुषांनी पुढे काउंटरपाशी उभं राहायचं, गप्पा मारायच्या, बातम्या ऐकायच्या. बाईने मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं, तिथे मिळेल जे मिळायचं ते. एक वकील आणि एक पत्रकार अशा दोघी कोर्टात गेल्या आणि १९८२ साली कोर्टाने सांगितलं, हा भेदभाव आहे. लंडनमध्ये! १९८२ साली! मी हे वाचलं आणि मला आपली ‘फॅमिली रूम’ आठवली.

तुम्हाला ठाऊकच आहे ती. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही हॉटेलात बाई शिरली की गल्ल्यावरून हाक येते, “फॅमिली आत!” एकटी असली तरी फॅमिली. आत म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, तेलकट पडदा, हात धुवायच्या बेसिनचा वास, फिरला तर फिरला नाहीतर नुसता लटकलेला पंखा. बाहेर रस्ता दिसतो, वारा येतो, पेपर असतो. तिथे पुरुष एक कटिंग घेऊन दोन तास बसतात. आत आपण दहा मिनिटांत चहा उरकून पदर सावरत बाहेर. हॉटेलवाल्याला दोष देत नाही मी, तो बिचारा आपल्या भल्यासाठीच आत बसवतो. पण आपलं भलं नेहमी पडद्यामागेच का असावं?

मुंबईतल्या तिघी अभ्यासकांचं, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं, २०११ साली निघालेलं ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं पुस्तक आहे. उगाच का रेंगाळू नये, असा त्याचा रोख. मुंबईसारख्या शहरातसुद्धा बाई रस्त्यावर असते ती कामाला निघालेली, पर्स छातीशी धरून झपाझप चालणारी. तिला सतत दाखवावं लागतं की मला काम आहे. पुरुष नाक्यावर नुसता उभा राहू शकतो, बाईने नुसतं उभं राहिलं की शंका. मुंबईची ही कथा, तर तासगावचं काय बोलावं! आपल्याकडे पुरुषांना पार आहे, कट्टा आहे, सलून आहे, पानपट्टी आहे, टपरी आहे. कुठेही बसावं, कुणी विचारत नाही. बायकांचा पूर्वी पाणवठा होता. मग घरोघरी नळ आले. फार चांगलं झालं, कमरेची हाडं वाचली, पण बसायची बोलायची जागाही त्याबरोबर गेली, ती कुणी परत दिली नाही. राहता राहिला गणपती. आमच्या उजव्या सोंडेच्या गणपतीच्या आवारात, त्या उंच गोपुराच्या सावलीत, बाई तासभर बसली तर कुणी हटकत नाही. बाप्पाचे उपकार.

तासगावात रोज खेड्यांतून किती बायका येतात ते बघा. बँकेत, तहसीलला, कोर्टात, दवाखान्यात, बाजाराला. आमच्या बचत गटातली एक जण, बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाणारी, खात्याच्या कामासाठी सकाळच्या गाडीने आली. जेवणाच्या सुट्टीनंतर या, म्हणाले. तीन तास. उन्हाळा. ती कुठे बसली? झाडाखाली मोटारसायकली लावल्या होत्या, त्यांच्यामध्ये. चहा घेतला नाही, कारण चहा घेतला की पुढचा प्रश्न येतो, आणि बायकांना तो प्रश्न मी लिहायची गरज नाही. तहान लागली तर पाणीसुद्धा बेताने प्यायलं. संध्याकाळी घरी गेली ती डोकं धरूनच. मी तिला म्हटलं, “अगं, हॉटेलात बसायचं की पंख्याखाली.” तर म्हणाली, “ताई, एकटी? आणि बसून करू काय?”

‘बसून करू काय’ याचं उत्तर आपण पोरींना कधी शिकवलंच नाही.

मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत बायकांसाठी झालेल्या गोष्टींत मी तिला फार वर ठेवते. माहेरी जाणाऱ्या वाढल्या, देवाला जाणाऱ्या वाढल्या, नुसत्या सांगलीला जाऊन साडी बघून येणाऱ्यासुद्धा वाढल्या. गाड्यांत बायकाच बायका. काही पुरुषमंडळी कुरकुरतात, बसायला जागा मिळत नाही म्हणून. चालायचंच, आपण कितीतरी वर्षं उभ्या होतो. पण गाडीतून उतरल्यावर काय? सरकारने जाण्याची सोय केली. थांबण्याची सोय गावाने करायची.

म्हणून आम्ही पाच जणींनी एक उद्योग सुरू केलाय. केरळ-कोलकाता सगळ्यांना जमणार नाही. पाहुणे असतात, पैसे असतात, पोरांच्या परीक्षा असतात, आणि मलाही दर वर्षी कुठे जमतं? पण आपल्या सांगली जिल्ह्यात दहा तालुके आहेत. दर महिन्याला एका तालुक्याच्या गावी जायचं, अर्ध्या तिकिटात. देऊळ नाही, खरेदी नाही, कुणाची गाठभेट नाही. एका हॉटेलात जायचं, पुढच्या बाजूला, रस्ता दिसेल असं बसायचं. चहा प्यायचा. तासभर बसायचं आणि परत यायचं. नियम दोन. ‘फॅमिली आत’ म्हटलं तर हसून सांगायचं, इथेच बरंय. आणि घरच्यांसाठी पार्सल घ्यायचं नाही. दुसरा नियम पहिल्यापेक्षा अवघड गेला! एक जण दर वेळी भज्यांच्या पुडीपाशी घुटमळते. तिला हाताला धरून बाहेर काढावं लागतं.

पहिल्या वेळी हॉटेलातले सगळे वळून बघत होते. एका काकांनी तर थेट विचारलं, कुणाकडे आलाय? आम्ही म्हटलं, कुणाकडे नाही, चहाला. त्यांना ते पटेना. त्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी आमच्यातलीच एक म्हणाली, “सर्वेक्षण आहे,” आणि काका समाधान पावून गेले. मला ते आवडलं नाही. सर्वेक्षण म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं, कारण बाई कामावर आहे. पुढच्या वेळेपासून तसं सांगायचं नाही असं ठरलंय. मात्र दुसऱ्या एका गावात हॉटेलवाल्याच्या बायकोने स्वतः बाहेर येऊन चहा दिला, आमच्याजवळ बसली आणि म्हणाली, बारा वर्षं हॉटेल चालवतोय पण मी पहिल्यांदाच पुढच्या बाकड्यावर बसतेय.

आमच्या मंडळातच एकीने मला टोमणा मारला. म्हणाली, “बायकांना हाताला काम नाही, आणि तुम्ही कॉफीचे चोचले शिकवताय.” मी हे हसण्यावारी नेत नाही. रोजगारावर जाणाऱ्या बाईला एक रोज बुडवून चहाला जा, असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. पण मला हेही दिसतं की बाईसाठी आपण जे जे मागतो ते सगळं कामाचंच असतं. शिलाई मशीन, पापडाचं यंत्र, शेळी, कर्ज. तिने अजून काहीतरी करावं म्हणून. तिने थोडा वेळ काहीच करू नये म्हणून आपण कधी काही मागितलंय? आणि ज्या बाईचे हात दिवसभर बेदाणे निवडतात, तिच्याइतकी बसायची गरज कुणाला आहे? माझ्यासारखीला घरात पंखा तरी आहे.

नगरपालिकेने, बाजार समितीने, कुणीही मनावर घेतलं तर हे फार खर्चाचं नाही. एक खोली, पुढच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून. स्वच्छ संडास, तो कुलूप नसलेला. चहा-नाश्ता बचत गटाने चालवायचा, ज्या बायका चालवतील त्याच मालकीण, त्या कॉफी हाऊसच्या फेटेवाल्यांसारख्या. पुरुषांनाही यायला मुभा, आम्ही काही त्यांना ‘आत’ बसवणार नाही. अट एकच, एका कपावर कितीही वेळ बसलं तरी कुणी उठवायचं नाही. मी दोन ठिकाणी हे बोलले. एका ठिकाणी विचारलं गेलं, “म्हणजे प्रशिक्षण केंद्र का?” नाही हो. “समुपदेशन?” तेही नाही. “मग बायका तिथे करणार काय?” बघा, पुन्हा तेच!

घरचे काही म्हणत नाहीत का, या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. म्हणतात की. आमचे हे सुरुवातीला म्हणायचे, कॉफी घरात मिळत नाही का? मी म्हटलं, चहा तुम्हाला घरात मिळत नाही का? रोज सकाळी चौकात कशाला जाता? त्यावर ते काही बोलले नाहीत, चौकात मात्र गेले. आता त्यांची कुरकूर कमी झालीय. सासूबाई तर पुढच्या खेपेला येणार म्हणून हटून बसल्यात. त्रिचूरच्या वन्संचा परवा फोन होता. शेजारच्या दोन गलाईवाल्यांच्या बायकांना घेऊन त्या महिन्यातून एकदा मैदानाजवळच्या कॉफी हाऊसला जातात म्हणे. बिटाचा डोसा अजून त्यांना पटलेला नाही. कटलेट घेतात.

आमचे सहा तालुके झालेत. जत, आटपाडी, शिराळा आणि कडेगाव राहिलेत. छाटणीची घाई उरकली की शिराळ्याला जायचंय, तिथे गाडी बदलावी लागेल म्हणून सकाळी लवकर निघू. कुणाला यायचं असेल तर स्टँडवर या. आधार कार्ड आणि सुट्टे पैसे आणा. डबा आणू नका.